फोनला ठरवू देऊ नका

फोनच्या कॅमेऱ्यातलं लाल बटण दाबलं की त्याच क्षणी फोन तुमच्या वतीने कितीतरी गोष्टी ठरवून मोकळा होतो. प्रकाश किती घ्यायचा, कुणाचा चेहरा स्पष्ट ठेवायचा, भिंत पिवळसर दाखवायची की पांढरी, कोपऱ्यातला अंधार किती उजळायचा, कोणता आवाज वाढवायचा आणि कोणता दाबायचा. वाढदिवसाचा केक कापताना हे फार सोयीचं असतं, कारण तिथे आपल्याला फक्त आठवण हवी असते. सिनेमात यातल्या प्रत्येक गोष्टीला अर्थ असतो. गोष्टीतली खोली अंधारी असेल तर ती पडद्यावरही अंधारीच दिसायला हवी. दारात उभं असलेलं माणूस धूसर ठेवायचं असेल तर ते धूसरच राहायला हवं. म्हणून मोबाइलवर फिल्म करायची तर फोनने परस्पर घेतलेले निर्णय आधी एकेक करून आपल्याकडे परत घ्यायचे. पुढे जे काही सांगणार आहे ते सगळं यातूनच निघतं.

फोनवर खरा सिनेमा होतो का, ही शंका घेण्याचे दिवस केव्हाच संपले. दक्षिण कोरियाचे पार्क चान-वूक आणि त्यांचे भाऊ पार्क चान-क्योंग यांनी आयफोन ४ वर केलेल्या लघुपटाला २०११ साली बर्लिन महोत्सवात लघुपटांसाठीचा गोल्डन बेअर मिळाला. शॉन बेकर यांचा ‘टँजरीन’ हा पूर्ण लांबीचा चित्रपट आयफोन ५एस वर चित्रित झाला आणि २०१५ मध्ये सनडान्स महोत्सवात दाखवला गेला. स्टीव्हन सोडरबर्ग यांनी ‘अनसेन’ आयफोन ७ प्लसवर केला, तर आपल्याकडे विशाल भारद्वाज यांनी २०२३ मध्ये ‘फुरसत’ आयफोन १४ प्रोवर. पण ही उदाहरणं सांगताना त्यांची दुसरी बाजू बरेचदा गाळली जाते. ‘टँजरीन’साठी फोनवर वेगळी जोड-लेन्स बसवली होती, एक्स्पोजर आणि फोकस हाताने पकडून ठेवणारं ‘फिल्मिक प्रो’ हे ॲप वापरलं होतं आणि आवाज फोनवर न घेता व्यावसायिक सामग्रीवर घेतला होता. म्हणजे कॅमेरा स्वस्त होता, पण बाकी सगळ्या गोष्टी विचारपूर्वक ठरवलेल्या होत्या. तो फोन १०८०पी चित्र टिपत होता. आज मध्यम किमतीचे कितीतरी फोन फोर-के टिपतात, त्यामुळे फोन जुना आहे ही सबब आता चालायची नाही.

आधी गोष्ट, तीही हाताशी असलेली

पहिली फिल्म करणारे बहुतेक जण मोठ्या विषयापासून सुरुवात करतात. हुंडा, व्यसन, पाणीटंचाई असं काही ठरतं आणि मग त्या विषयाला शोभतील अशी माणसं शोधली जातात. त्यातून फिल्मपेक्षा घोषणा जास्त तयार होते. त्याऐवजी आपल्याजवळ काय आहे ते बघा. कोणती जागा कुणाच्या परवानगीसाठी खेटे न घालता मिळते? कोण दोन दिवस मनापासून देईल? घरात कोणती अशी वस्तू आहे, जिच्याभोवती माणसांचं काहीतरी अडकलेलं आहे?

समजा, एका घरात पायाने चालवायचं जुनं शिलाई मशीन आहे. आईने ते विकायला काढलंय. घ्यायला आलेला माणूस म्हणतो, ‘जरा चालवून दाखवा.’ आई मशीनवर बसते, आणि तेवढ्यात कॉलेजातून आलेली मुलगी दारातच थबकून बघत राहते. एवढीच गोष्ट. एक खोली, तीन माणसं, एक दुपार, पाच मिनिटं. कुणीही भाषण करायचं नाही. पुढच्या सगळ्या मुद्द्यांसाठी हीच फिल्म डोळ्यांपुढे ठेवू.

पटकथा लिहिताना एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट, हा जुना ढोबळ हिशेब उपयोगी पडतो. दिसेल आणि ऐकू येईल तेवढंच लिहायचं. ‘आईला वाईट वाटतं’ या वाक्याचं कॅमेरा काहीच करू शकत नाही. ‘आई खणातली उरलेली दोऱ्याची रिळं काढून घेते, मग त्यातलं एक परत ठेवते’ हे मात्र टिपता येतं, आणि बघणाऱ्याला कळायचं ते कळतं. संवाद तुमच्या घरात बोलतात तसेच असू द्या. घरात अहिराणी असेल तर आई अहिराणीत बोलेल, मालवणी असेल तर मालवणीत. मालिकांमधली घासूनपुसून गुळगुळीत केलेली मराठी नवख्या नटांच्या तोंडी फार लवकर खोटी वाटायला लागते.

गोष्टीचीच धास्ती वाटत असेल तर आधी संवादांशिवाय एक मिनिटाची फिल्म करा. दादासाहेब फाळके १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा घेऊन आले, तेव्हा त्यांनी लगेच ‘राजा हरिश्चंद्र’ला हात घातला नव्हता. कुंडीत लावलेल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ त्यांनी एकेक फ्रेम करून टिपली आणि ती छोटीशी फिल्म दाखवून पुढच्या चित्रपटासाठी पैसा उभा केला. आज फोनमधल्या टाइमलॅप्सने ते काम आपोआप होतं. पण कुंडी कुठे ठेवायची, मागे काय दिसू द्यायचं आणि उन्हाचं सरकणं दिसायला हवं की नको, हे फोन सांगत नाही. त्या एका मिनिटात तुमच्या नजरेचा कस लागतो, म्हणून मी नवख्यांना नेहमी हाच अभ्यास आधी सुचवते.

कॅमेरा ताब्यात घेताना

चित्रीकरणाआधी लेन्स मऊ सुती कापडाने पुसा. दिवसभर खिशात किंवा पर्समध्ये फिरणाऱ्या फोनच्या लेन्सवर बोटांचा तेलकट थर असतो आणि दिव्यांभोवती दिसणारं धुरकट वलय बरेचदा त्याचंच असतं. फोन एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर उत्तम चाललेला शॉट एखाद्या फोन कॉलने मध्येच तुटतो. जागा आधीच रिकामी करा. आयफोनवर कमी जागा घेणाऱ्या हाय एफिशियन्सी प्रकारात १०८०पीचं एक मिनिट सुमारे ६० एमबी घेतं आणि फोर-केचं सुमारे १७० एमबी, म्हणजे फोर-केचा एक तास १० जीबीच्या आसपास जातो. अँड्रॉइड फोनवर आकडे कमीजास्त होतील, म्हणून आपल्या फोनवर एक मिनिट टिपून बघावं.

सेल्फीचा कॅमेरा वापरू नका. मागच्या लेन्सांपैकीही मुख्य, म्हणजे ‘वन एक्स’वाली लेन्स सहसा सर्वांत चांगली असते. अतिवाइड लेन्समध्ये कडेला आलेले चेहरे ताणले जातात आणि कमी उजेडात चित्र दाणेदार होतं. दोन बोटांनी झूम करणं विसरूनच जा. क्लोजअपसाठी मुख्य लेन्स तोंडाजवळ नेली तर नाक मोठं दिसतं, म्हणून फोनला टेलिफोटो लेन्स असेल तर थोडं मागे सरकून ती वापरा. नसेल तर फोर-केमध्ये टिपून अंतिम फिल्म १०८०पीमध्ये करा. मग संकलनात चित्र बरंच कापून घेतलं तरी ते फुटत नाही.

आता ॲप. फोनच्या मूळ कॅमेऱ्यातही पडद्यावर बोट दाबून धरलं की फोकस आणि एक्स्पोजर जागच्या जागी थांबतात, आणि निदान एवढं तरी प्रत्येक शॉटआधी करायलाच हवं. त्यापुढे जायचं तर ‘ब्लॅकमॅजिक कॅमेरा’ हे मोफत ॲप २०२३ मध्ये आयफोनवर आणि २०२४ मध्ये निवडक अँड्रॉइड फोनवर आलं. ते तुमच्या फोनवर चालत नसेल तर अँड्रॉइडवर ‘ओपन कॅमेरा’ हे मोफत ॲप आहे. अशा ॲपमध्ये शटर, आयएसओ, व्हाइट बॅलन्स आणि फ्रेम रेट हाताने ठरवता येतात, फक्त यातलं काय काय मिळेल ते फोनवर अवलंबून असतं. चारही गोष्टी पहिल्या बैठकीत कळल्या नाहीत तरी बिघडत नाही, पण शटर (एकेक फ्रेम किती वेळ उजेड घेते) आणि फ्रेम रेट (सेकंदाला किती फ्रेम) आधी समजून घ्या, कारण त्यात आपल्या देशापुरती एक खास भानगड आहे.

भारतातली वीज ५० हर्ट्झची आहे. ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्यांना ते जाणवत नाही, कॅमेऱ्याला जाणवतं. बहुतेक फोन मुळात ३० फ्रेमवर टिपतात, शटर आपल्या मनाने बदलत राहतात, आणि मग भिंतीवरून काळपट पट्टे सरकताना दिसतात. असे पट्टे संकलनात काढणं अतिशय जिकिरीचं असतं, कित्येकदा अशक्यच. म्हणून भारतात घरातल्या दिव्यांखाली टिपायचं तर २५ फ्रेम आणि शटर १/५०, असं कुलूप लावून टाका. फ्रेम रेटच्या दुप्पट शटर ठेवला की हालचालही डोळ्यांना सवयीच्या सिनेमासारखी दिसते. अमेरिकेतल्या मार्गदर्शक व्हिडिओंमध्ये ३० फ्रेम आणि १/६० शटर सांगितलेला असतो, कारण तिथली वीज ६० हर्ट्झची आहे. तिकडे राहणाऱ्या मराठी वाचकांनी तोच हिशेब धरावा. भर उन्हात मात्र १/५० शटरला चित्र पांढरंफटक होईल, कारण बहुतेक फोनचं लेन्सचं छिद्र लहानमोठं करता येत नाही. तिथे लेन्सवर लावायची गडद काच, म्हणजे एनडी फिल्टर, घ्यावी लागते. ती नसेल तर शटर वाढवायचा किंवा सावलीत यायचं. मी सावली निवडेन.

व्हाइट बॅलन्स आपोआपवर राहिला तर एकाच शॉटमध्ये आईच्या साडीचा रंग बदलतो. दिवसाच्या उजेडासाठी सुमारे ५६०० केल्विन, पिवळ्या बल्बसाठी सुमारे ३२०० केल्विन धरून तो पक्का करा. एचडीआर बंद ठेवा, कारण त्यात टिपलेलं चित्र दुसऱ्या फोनवर, टीव्हीवर आणि संकलनाच्या ॲपमध्ये वेगवेगळं दिसतं. आणि ब्यूटी मोड आठवणीने काढा. कष्टाने रापलेला चेहरा गुळगुळीत करणारा फोन त्या माणसाची सगळी कहाणीच पुसून टाकतो.

प्रकाश

दिवे विकत घेण्याआधी घरातली खिडकी वापरायला शिका. आपल्या फिल्ममध्ये मशीन खिडकीपासून हातभर अंतरावर, खिडकीला काटकोनात ठेवायचं, ट्यूब बंद करायची, आणि आईच्या चेहऱ्याची अंधारी बाजू उजळायला पलीकडून पांढरं थर्मोकोल किंवा ताणून धरलेली पांढरी चादर धरायची. अंधार जास्त हवा असेल तर तिथेच काळी चादर. खिडकीतून थेट ऊन येत असेल तर बाहेरून जुनं मलमलचं धोतर बांधलं की उजेड मऊ होतो. खिडकीचा निळसर उजेड आणि पिवळा बल्ब एकत्र करायचा असेल तर तसा हेतू हवा, नाहीतर दोन्हींपैकी एक निवडावा.

बाहेर टिपायचं तर दुपारी बारा ते तीन टाळा, कारण डोक्यावरच्या उन्हाने डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात. आपल्याकडचा सर्वांत देखणा उजेड पावसाळ्यातल्या ढगाळ दिवसाचा असतो, आणि तो फुकट मिळतो. रात्रीच्या प्रसंगांसाठी दिवेलागणीची वेळ धरा. आकाशात निळाई असते, घरोघरचे दिवे लागलेले असतात, आणि फोनला पुरेल एवढा उजेडही असतो. ही वेळ फार थोडी टिकते, त्यामुळे तालीम आधी करून तयार राहायला हवं.

शॉट कसे घ्यावेत

हातात फोन घेऊन माणसांच्या मागे फिरणं सोपं आहे, म्हणूनच ते सगळे करतात. आपल्या मशीनच्या प्रसंगात फोन हलायचं काही कारणच नाही. पहिला शॉट खोलीच्या कोपऱ्यातून, तिघांची जागा आणि दार कळेल असा. मग आई मशीनवर बसताना मध्यम अंतरावरून. मग पायटा आणि त्यावरचं पाऊल. सुई आणि कापड. घ्यायला आलेल्या माणसाचा मशीनच्या लाकडावरून फिरणारा हात. दारातल्या मुलीचा चेहरा, त्यात थोडा जास्त वेळ. पुन्हा आई, पण आता मुलीच्या जागेवरून, पाठमोरी. सात शॉट झाले आणि गोष्ट सांगून झाली. प्रत्येक शॉट सुरू होण्याआधी आणि संपल्यावर पाच सेकंद जास्त टिपा, संकलनात ती सेकंदं सोन्याच्या मोलाची ठरतात.

दोन माणसांच्या संवादात त्यांच्यामधून एक रेषा जाते असं धरा आणि कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवा. रेषा ओलांडली की आई आणि समोरचा माणूस एकमेकांकडे न बघता एकाच दिशेला बघताहेत असं वाटायला लागतं. समजून उमजून ओलांडायला हरकत नाही.

तिपाई हवीच, आणि स्वस्तातलीही चालते. जमिनीलगतच्या शॉटसाठी ज्वारी किंवा तांदूळ भरून शिवलेली छोटी पिशवी घ्या आणि तिच्यात फोन रोवा, तो हवा त्या कोनात स्थिर राहतो. कॅमेरा फिरवायचाच असेल तर साधनांसाठी अडून बसू नका. मालेगावच्या नासिर शेख यांनी २००० साली ‘मालेगाव के शोले’ केला. फैझा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटात तिथल्या मंडळींची जिद्द बघायला मिळते. सायकलची ट्रॉली आणि बैलगाडीची क्रेन करून त्यांनी शॉट घेतले, आणि तेही स्मार्टफोन येण्याआधी, साध्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर. हा माहितीपट प्रत्येक नवख्याने एकदा बघावाच.

नटांबद्दल एकच सांगते. आईचं काम ज्यांना देणार त्यांना शिलाई मशीन खरोखर चालवता आलं पाहिजे. हातांना काम असलं की नवख्या माणसाचा चेहरा आपोआप मोकळा होतो, आणि हात खोटं बोलत असतील तर कितीही सुंदर चेहरा वाचवू शकत नाही.

आवाज

इथे मी सगळ्यांत जास्त थांबणार आहे, कारण फोनवर केलेल्या फिल्म चित्रापेक्षा आवाजामुळे जास्त मार खातात. थोडं अंधारं, थोडं हललेलं चित्र प्रेक्षक चालवून घेतो. संवाद कळला नाही तर तो दोन मिनिटांत उठतो.

फोनचा माइक फोनवर असतो आणि नट चार-पाच हातांवर. मधल्या अंतरात पंखा, फ्रिज, शेजारचा कुकर, रस्त्यावरची मोटारसायकल सगळं भरतं. त्यातून फोन आवाजाची पातळी आपोआप वरखाली करतो, म्हणजे माणूस गप्प झालं की पंख्याची घरघर फुगून वर येते. उपाय एकच, माइक तोंडाजवळ न्यायचा. वायरचा कॉलर माइक काही शे रुपयांपासून मिळतो आणि बसून चालणाऱ्या संवादांना तो उत्तम. घेताना त्याची पिन फोनसाठीची, म्हणजे चार भागांची आहे ना ते बघा, कारण कॅमेऱ्यासाठीची तीन भागांची पिन फोनमध्ये गप्प राहते. ज्या फोनला हेडफोनचं छिद्र नाही त्याला जोडणी लागेल. बिनतारी माइक सोयीचे असले तरी गर्दीच्या ठिकाणी त्यांचा सिग्नल तुटू शकतो, म्हणून शॉट झाला की तिथेच हेडफोन लावून ऐका.

माइकसाठी पैसे नसतील तर दुसरा फोन घ्या. त्यातलं साधं ध्वनिमुद्रणाचं ॲप सुरू करून तो नटाच्या वरच्या खिशात ठेवा किंवा टेबलावर फ्रेमच्या जरा बाहेर, भांड्यामागे लपवा. शॉटच्या सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एकदा जोरात टाळी वाजवा. संकलनात दोन्हींतली टाळी एकमेकांवर बसवली की आवाज आणि चित्र जुळतं. मग कॅमेऱ्यावरचा आवाज बंद करायचा.

जागा निवडताना डोळे मिटून दोन मिनिटं तिथे बसा. दुपारी तीनला शाळा सुटते का, मंदिराचा भोंगा कधी लागतो, पाण्याची मोटर कधी चालते, हे शेजाऱ्यांना विचारून घ्या. पंखा बंद, फ्रिज बंद. फ्रिज पुन्हा सुरू करायला विसरू नये म्हणून घराच्या किल्ल्या त्यातच ठेवण्याची चित्रीकरणवाल्यांची जुनी युक्ती आहे, ती खरोखर कामाची आहे. पडदे, गोधड्या, सतरंज्या फ्रेमबाहेर टांगल्या की रिकाम्या खोलीचा घुमारा कमी होतो.

प्रत्येक जागेवर सगळ्यांना गप्प उभं करून निदान अर्धा मिनिट त्या खोलीची शांतता टिपा. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते, आणि दोन शॉटच्या सांध्यात तिचा थर पसरला की सांधा ऐकू येत नाही.

आपल्या फिल्ममध्ये मशीनचा आवाज वेगळा, जवळून टिपायचा. पायटा हळू, पायटा जोरात, चाक थांबताना. मुलगी दाराबाहेर असतानाच प्रेक्षकाला तो ऐकू यायला हवा, म्हणजे मशीन दिसण्याआधी घर कळतं. आणि व्यवहार झाल्यावर, टेम्पोत मशीन चढवून झाल्यावर, त्याच खोलीची टिपून ठेवलेली शांतता वापरायची. या फिल्मला पार्श्वसंगीत लागतच नाही. फोनला हे कधीच सुचणार नाही, कारण कुठला आवाज कुणाचा आहे हे त्याला ठाऊक नसतं.

संकलन

टिपलेलं सगळं त्याच दिवशी दोन ठिकाणी उतरवा. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखे व्हिडिओ पाठवून जमा करू नका, तो चित्र दाबून बारीक करतो. केबलने घ्या, पेन ड्राइव्हवर घ्या, किंवा अगदीच गरज पडली तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.

फोनवरच कापायचं तर ‘व्हीएन’ आणि ‘काइनमास्टर’ सहज हाताळता येतात. काइनमास्टरच्या मोफत आवृत्तीत फिल्मवर त्यांचं चिन्ह येतं, हे आधी लक्षात घ्या. परदेशी व्हिडिओंमध्ये सतत दिसणारं कॅपकट भारतात मिळत नाही, त्याच्या शोधात वेळ घालवू नका. संगणक मिळत असेल तर ‘डाविंची रिझॉल्व्ह’ची मोफत आवृत्ती रंग आणि आवाज दोन्हींसाठी फार मोठी ताकद देते. फोनचे व्हिडिओ काही वेळा सेकंदाला नेमक्या सारख्या फ्रेम टिपत नाहीत आणि संगणकावर लांब शॉटमध्ये ओठ आणि आवाज हळूहळू सुटतात. तसं झालं तर ‘हँडब्रेक’ या मोफत सॉफ्टवेअरमधून ते आधी ठरावीक फ्रेम रेटवर काढून घ्या.

पहिलं कच्चं संकलन संवादांवर बेतून करा, मग संवाद एकेक काढून बघा. काढल्यावरही गोष्ट कळत असेल तर तो संवाद नकोच होता. ॲपमध्ये ढिगाने मिळणारे गरगरणारे सांधे, चमकणारी अक्षरं, तयार रंगछटा यांना हात लावू नका. तिथेही पुन्हा कुणीतरी तुमच्यासाठी ठरवून ठेवलेलं असतं. रंगांत आधी शॉट एकमेकांशी जुळवा, त्वचा त्वचेसारखी दिसेल एवढं बघा आणि थांबा. शेवटी फोनच्या स्पीकरवर, हेडफोनवर आणि घरच्या टीव्हीवर अशा तीनही ठिकाणी आवाज ऐका.

हक्क आणि परवानग्या

आवडतं जुनं गाणं पार्श्वभूमीला रेडिओवर वाजलं तरी यूट्यूब ते ओळखतं आणि हक्कदार दावा सांगू शकतात. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं राहतो, पण गीतकार आणि संगीतकार यांचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत. त्यामुळे तबकडी जुनी झाली म्हणून गाणं मोकळं होत नाही. यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीतलं संगीत वापरा, अटी वाचून. त्याहून चांगलं म्हणजे ओळखीतल्या कुणाकडून चार ओळींची धून, पेटीवर किंवा बासरीवर, वाजवून घ्या आणि तिची लेखी परवानगी ठेवा. कुणाच्या कथेवर फिल्म करत असाल तर लेखकाची परवानगी लेखीच हवी, महोत्सव ती मागतात. नटांकडूनही एका कागदावर संमती घ्या, मुलं असतील तर पालकांकडून.

रेल्वे स्थानक, संरक्षित स्मारकं आणि किल्ले इथे चित्रीकरणाला परवानगी लागते. फोन छोटा असल्याने कुणी अडवणार नाही असं गृहीत धरू नये.

दाखवताना

फिल्म पूर्ण होताच यूट्यूबवर सगळ्यांसाठी खुली करण्याचा मोह आवरा. काही महोत्सव आधी जाहीर झालेली फिल्म घेत नाहीत, म्हणून प्रत्येकाची नियमावली आधी वाचा आणि तोवर फक्त लिंक असणाऱ्यालाच दिसेल अशी ठेवा. मुंबईचा मिफ हा माहितीपट, लघुपट आणि ॲनिमेशनचा महोत्सव १९९० पासून होतो, आणि पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटने स्मार्टफोनवर चित्रपट करण्याचे अल्पमुदतीचे अभ्यासक्रमही घेतले आहेत. दोन्हींच्या घोषणांवर लक्ष ठेवण्यासारखं आहे. ऑस्करच्या नियमांत लघुपट ४० मिनिटांपर्यंत चालतो, पण पहिली फिल्म आठ मिनिटांच्या आत ठेवली तर ती बघायला माणसं मिळतात. इंग्रजी उपशीर्षकं वेगळ्या एसआरटी फाइलमध्ये करा, चित्रावर छापून टाकू नका, म्हणजे पुढे हिंदी किंवा कानडीतही करता येतील. बोलीतल्या संवादांचं इंग्रजी दोघांकडून तपासून घ्या.

महोत्सवाला पाठवण्याआधी गोष्ट ठाऊक नसलेल्या तीन-चार माणसांना ती मोठ्या पडद्यावर दाखवा. त्यात एक तरी साठीच्या पुढचं असावं. त्या वेळी तुम्ही पडद्याकडे बघू नका, त्यांच्याकडे बघा. कुठे हात फोनकडे गेला, कुठे मान वळली, ते मिनिट आणि सेकंद लिहून घ्या. नंतर ‘कशी वाटली’ असं न विचारता ‘काय झालं ते सांगा’ एवढंच विचारा. मुलगी दारात का थांबली हे त्यांनी आपणहून सांगितलं तर तो शॉट आहे तसाच ठेवा. नाही सांगितलं तर तिच्या चेहऱ्यावरचा शॉट दोन सेकंदांनी वाढवा आणि पुन्हा दुसऱ्या माणसांना दाखवा.